आंडोराचा अभिमान



आज निरूपणाला जो अभंग घेतला तो तुकोबारायांचा. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, टाळकऱ्यांनी आत्ताच चालीवर म्हटला, म्हणून मी परत म्हणत नाही. अर्थ तेवढा सांगतो. महाराज म्हणतात, जो आपल्या हिताविषयी जागा आहे, त्याचे आईबाप धन्य आहेत. आणि पुढं म्हणतात, ज्या कुळात मुलं मुली सात्त्विक निपजतात, त्याचा हर्ष देवाला होतो.

आता जरा थांबा. हर्ष कोणाला होतो? देवाला. बापाला होतो असं नाही म्हटलं. आईबापांच्या वाट्याला महाराजांनी कोणता शब्द दिला? धन्य. आणि आपण आज काय म्हणतो? "मला माझ्या मुलाचा अभिमान आहे." लग्नपत्रिकेत, सत्काराच्या भाषणात, चौकातल्या बोर्डावर, मोबाईलच्या स्टेटसवर एकच शब्द, अभिमान. हल्ली तर पोरं बापाला म्हणतात, "पप्पा, आर यू प्राउड ऑफ मी?" बाप म्हणतो, "व्हेरी प्राउड!" म्हणू द्या. शब्दाशी भांडण नाही माझं. पण ज्या शब्दाला आमच्या शास्त्रानं दारात उभं केलं नाही, तो घरात देव्हाऱ्याजवळ कसा येऊन बसला, हे पाहायला नको का?

शब्द फोडून पाहू. 'अभि' हा उपसर्ग आणि 'मान'. हा मान म्हणजे सत्काराचा, शाल-श्रीफळाचा मान नव्हे. 'मन्' धातू आहे, मानणं. एखाद्या वस्तूकडं तोंड करून 'ही मी आहे, ही माझी आहे' असं मानणं म्हणजे अभिमान. वेदान्तात पहिला अभिमान देहाचा. देह पाच भुतांचा, आज आहे उद्या नाही, पण त्याला आपण 'मी' म्हणतो. सांख्यशास्त्रात तर अहंकाराची व्याख्याच अभिमान या शब्दानं केली आहे. म्हणजे बघा, आपण ज्याला कौतुकाचा शब्द समजतो तो मुळात रोगाचं नाव आहे.

देहाचा अभिमान सोडा म्हणून संत सांगतात. माणूस म्हातारा झाला, गुडघे दुखायला लागले, दात पडले, की देहाचा अभिमान आपोआप सुटायला लागतो. त्याला संत लागत नाही. पण तो 'मी' जातो कुठं? जात नाही बरं का. तो या देहातून निघतो आणि मुलाच्या देहात जाऊन बसतो. आपलं वय झालं, आपल्याला आता कोण विचारणार? पण माझा मुलगा कलेक्टर झाला! मग पुन्हा छाती वर. हा पुनर्जन्मच आहे, मरायच्या आधी झालेला.

आपल्या अहिराणीत जुन्या बाया काय म्हणायच्या? "मना आंडोरनी नाव काढं." माझ्या मुलानं नाव काढलं. मराठीत म्हणायचे, पांग फेडले, कूस धन्य केली. आणि 'कौतुक' हा तर केवढा गोड शब्द! कौतुक या शब्दात मूळ आहे कुतूहल, आश्चर्य. हे कसं झालं, हे माझ्या घरी कुठून आलं, असं वाटणं म्हणजे कौतुक. लहान मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आई टाळ्या वाजवते. त्यात 'मी' कुठं असतो? नसतो. तिला नवल वाटत असतं. आणि तीच आई काय करते? दुसऱ्या दिवशी पोराला न्हाऊ घालते, गोरं गोमटं सजवते, आणि गालाला काजळाची तीट लावते. सुंदर केलेलं मूल स्वतःच्या हातानं थोडं विद्रूप करून मग अंगणात सोडते. तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा. असेल. पण त्या तिटेत केवढी समज होती! जे फार आवडतं ते मिरवायचं नाही, झाकायचं. आज आपण तीट पुसली आणि चौकात वीस फुटांचा बोर्ड लावला.

बोर्ड लावू नका असं नाही म्हणत मी. दहावीचा निकाल लागतो, बारावीचा लागतो, पेढे वाटतात, मलाही येतात, मी खातो. पण बोर्ड नीट वाचत चला. मुलाचा फोटो एवढासा, आणि 'शुभेच्छुक' म्हणून खाली काका, मामा, बाप, पक्षाचे पदाधिकारी, सगळ्यांचे फोटो. परीक्षा कोणी दिली, तेच कळत नाही. आणि त्याच दिवशी त्याच गल्लीत एक पोर असतं ज्याला पस्तीसच पडले, किंवा दोन विषय राहिले. ते पोर त्या बोर्डाखालून जात नाही, मागच्या गल्लीनं घरी येतं. घरी बाप बोलत नाही. जेवायला बसला तरी ताटाकडं बघतो, पोराकडं बघत नाही.

त्या बापाला मी काय विचारावं? "जिभाऊ, तुम्हाला काय दुखतंय? पोराचं पुढं कसं होईल याची काळजी दुखते, की चार लोकांत काय सांगू हे दुखतं?" पहिलं असेल तर ती माया आहे. दुसरं असेल तर तो अभिमान आहे. दुखणं दोन्हीकडं सारखंच वाटतं, म्हणून बापाला स्वतःलाही ओळखू येत नाही. पण पोराला येतं. पोराला लगेच कळतं की बाप माझ्यासाठी रडतो की माझ्यामुळं रडतो. आणि दुसरं असलं ना, तर ते पोर फार एकटं पडतं हो. वर्तमानपत्रात निकालाच्या दिवसांत येणाऱ्या बातम्या तुम्ही वाचता. मी त्या इथं उच्चारत नाही. समोर पोरंसोरं बसली आहेत.

आणखी एक सांगतो. सप्ताहाच्या निमित्तानं गावोगाव घरी उतरावं लागतं. यजमान आपल्या मुलांची ओळख करून देतात. "महाराज, हा थोरला. पुण्याला कंपनीत आहे, अमुक लाखाचं पॅकेज आहे. दिवाळीला आला की पाया पडायला पाठवतो." त्याचा फोटो भिंतीवर असतो, तो दाखवतात. आणि समोर एक मुलगा उभा असतो, पाण्याचा तांब्या घेऊन. मी विचारतो, "आणि हा?" "हा? हा घरीच असतो."

घरीच असतो! अहो, हा घरी असतो म्हणून तुम्ही घरी आहात. रात्रीची लाईट येते, बारा वाजता मोटर चालू करायला केळीत कोण जातं? हा जातो. गिरणेला पाटाचं पाणी सुटलं की बारीवर रात्रभर कोण जागतं? हा जागतो. मंडपात सतरंज्या यानं टाकल्या, माईक यानं बांधला, म्हाताऱ्या आजीला दवाखान्यात यानं नेलं. तुकोबा 'हिताला जागता' म्हणतात, आणि हा तर अक्षरशः जागाच आहे! आणि ओळख काय, तर घरीच असतो. मग त्याला मुलगी कोण देणार? मुलीचा बाप येतो तेव्हा तोही तेच ऐकतो ना. ज्याला सख्खा बाप मोजत नाही त्याला परका का मोजेल? शेतकऱ्याच्या पोरांची लग्नं होत नाहीत म्हणून आपण पारावर बसून जगाला शिव्या देतो, पण सुरुवात आपल्याच ओसरीवरून झाली आहे.

अभिमानाला दूरचं दिसतं. जवळचं दिसत नाही.

यावर महाभारतासारखा दाखला नाही. धृतराष्ट्र. डोळ्यांनी आंधळा होता, तो दोष नव्हे, ते प्रारब्ध. पण गीतेचं तोंड उघडतं तेच त्याच्या प्रश्नानं, आणि त्या प्रश्नात तो दोन वाटण्या करतो. एक 'मामकाः', माझे. आणि दुसरे पांडूचे. अहो, पांडू गेला तेव्हा ही पोरं लहान होती. याच्याच छायेत वाढली, याच्याच घरी जेवली. धर्मराजानं कधी याची अवज्ञा केली नाही. तरी ती पांडूची, आणि ते माझे. सगळं महाभारत त्या 'माझे' या शब्दात मावलं आहे. पुढं अठरा अध्याय भगवंत बोलले ते त्या एका शब्दाचं औषध आहे असं म्हटलं तरी चालेल.

द्यूताच्या वेळचा प्रसंग बघा. सभा भरली आहे. फासे पडताहेत. द्रौपदी पणाला लागली. भीष्म, द्रोण, कृप यांना घाम फुटला, विदुर डोकं धरून बसला. आणि हा म्हातारा काय करतो? पुन्हा पुन्हा विचारतो, जिंकलं का? जिंकलं का? त्याला आनंद लपवता येईना, असं व्यासांनी लिहून ठेवलं आहे. काय जिंकलं, कसं जिंकलं, कोणाला पणाला लावून जिंकलं, हा प्रश्न नाही. माझा जिंकला का, एवढंच. आता मला सांगा, पोराला "किती पडले?" विचारताना आपला आवाज कधी कधी तसाच येतो की नाही? कसे पडले हे कोण विचारतं? कॉपी करून पडले तरी पेढे त्याच दुकानातले असतात.

आणि त्याच घरात गांधारी आहे. तिनं डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली. शंभर पोरं तिची. दुर्योधन तिचा थोरला. त्याच्यावर तिची माया नव्हती का? युद्ध टळावं म्हणून श्रीकृष्ण शिष्टाईला आले, दुर्योधन सभा सोडून निघून गेला, तेव्हा धृतराष्ट्रानं विदुराला पाठवून गांधारीला बोलावून घेतलं, की आईचं तरी ऐकेल. ती आली आणि पोराच्या आधी नवऱ्याला बोलली! भर सभेत म्हणाली, दोष तुमचा आहे. तो पापी आहे हे जाणून तुम्ही त्याच्या मागं चालत आलात, पुत्रप्रेमापायी. मग पोराला बोलावून समजावलं. त्यानं ऐकलं नाही, तो भाग वेगळा. पुढं युद्ध तोंडावर आल्यावर दुर्योधन पाया पडायला आला, आई, मला जय मिळेल असा आशीर्वाद दे. आईच्या तोंडून 'विजयी भव' निघायला कितीसा वेळ लागतो? पण ती म्हणाली, जिकडं धर्म असेल तिकडं जय होईल.

माउलींनो, हे वाक्य बोलताना त्या बाईच्या काळजाचं काय झालं असेल? तिला ठाऊक आहे धर्म कोणीकडं आहे. म्हणजे समोर वाकलेल्या पोराचं मरण ती आपल्या तोंडानं सांगते आहे. खोटा आशीर्वाद तिनं दिला नाही. आणि पुढं रणांगणावर ती धाय मोकलून रडली, कृष्णाला शाप दिला, तेही खरं. माया तुटली नव्हती तिची. अभिमान तेवढा नव्हता. दोन्ही एकाच घरात, एकाच पोराच्या बाबतीत. बापाला अभिमान होता, आईला माया होती. डोळे दोघांचेही बंद होते, पण पट्टीआडून तिला सगळं दिसलं.

काल कीर्तनानंतर एका भाऊंनी मला विचारलं होतं. विषय आधी जाहीर झाला होता ना. म्हणाले, "महाराज, मग काय पोराला शाबासकी द्यायचीच नाही का? आमच्या बापानं आम्हाला कधी चांगलं म्हटलं नाही, आम्ही तसेच कोरडे वाढलो. आता आमच्या पोरांनाही तसंच ठेवायचं का?"

प्रश्न फार चांगला. नाही हो, मुळीच नाही. शाबासकी द्यावी, पाठीवरून हात फिरवावा, जवळ घ्यावं. आपल्याकडचे बाप यात फार कंजूष. पोर झोपल्यावर त्याच्या अंगावर गोधडी घालतील, जागेपणी दोन गोड शब्द बोलणार नाहीत. हाही अभिमानच आहे, उलटा. बाप म्हणून माझा रुबाब कमी होईल ही भीती. शाबासकी द्या, पण त्यानं जे केलं त्याची द्या. "तू पहाटे उठून अभ्यास केलास, मी पाहिलं," असं म्हणा. "तू मित्राची फी भरायला स्वतःची सायकल विकायला निघालास, मला बरं वाटलं," असं म्हणा. हे त्याचं आहे. "तू माझी मान उंच केलीस" म्हटलं की लगेच त्याच्या खांद्यावर तुमची मान बसली. आता ती मान त्यानं जन्मभर उचलायची. उद्या त्याला कमी पडले की त्याचं स्वतःचं दुःख बाजूला, आधी बापाची मान खाली गेली याचं दुःख. एवढं ओझं कशाला द्यायचं लेकराला?

जुनी मंडळी एक सांगत. माणसानं सगळीकडं जिंकायची इच्छा धरावी, पण मुलाकडून आणि शिष्याकडून हरायची इच्छा धरावी. हरायची! अभिमान असलेल्याला हे जमत नाही. तो म्हणतो, पोरगा मोठा व्हावा पण माझ्यामुळं झाला असं लोकांनी म्हणावं. हरायला तयार असलेला बाप फार दुर्मीळ. असा एक आपल्या खानदेशच्या मातीत होऊन गेला, त्याच्याकडं शेवटी येऊ.

आधी मुक्ताबाई.

आई मुक्ताई ही आपल्या जिल्ह्याची. तापीकाठी मेहूणला शके १२१९ मध्ये ती गुप्त झाली. आता तिच्या आईबापांचा विचार करा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई. संन्यास घेऊन परत संसारात आले म्हणून समाजानं वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, चार लेकरं, आणि नाव काय? संन्याशाची पोरं. मुंजी होईनात. लेकरांना तरी समाजात घ्या म्हणून त्या दोघांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी परंपरा आहे. लेकरं मागं ठेवून गेले. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, ती पाहायला बाप नव्हता. चांगदेवासारखा योगी, चौदाशे वर्षं जगला म्हणतात, तो त्यांच्या चिमुरड्या मुक्तीचा शिष्य झाला. पाहायला आई नव्हती. जगात कोणत्या आईबापांना मिरवायला एवढं मिळालं असतं! आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? टोमणे. ते गेले तेव्हा त्यांच्या दृष्टीनं ती चार अनाथ, वाळीत टाकलेली पोरं होती. त्यांनी जे केलं ते फळ पाहून केलं नाही. म्हणून महाराज म्हणतात ना, धन्य. धन्य व्हायला जिवंत असावं लागत नाही, लोकांनी ओळखावं लागत नाही. अभिमानाला मात्र समोर बघणारे लागतात.

आणि मुक्ताई मुलगी आहे हे विसरू नका. दर साल तिची पालखी मुक्ताईनगरहून पंढरीला निघते. सगळ्यांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ही एक, महिन्याहून अधिक चालते. आपल्या जिल्ह्याचे वारकरी तिच्यामागं ऊन-पाऊस न पाहता चालतात, आई म्हणतात तिला. आणि याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती निघाल्या? ८४२. महाराष्ट्रातल्या अगदी खालच्या जिल्ह्यांत आपलं नाव आलं. बाकीच्या कुठं गेल्या? वारीला गेल्या का? बोला ना. आता का टाळ थांबले?

ज्याच्या घरी दोन मुली आहेत आणि कोणी विचारलं तर "दोन मुलीच आहेत" म्हणतो, त्यानं तो 'च' काढावा. एवढं एक अक्षर काढलं तरी पुष्कळ झालं. अभिमानाचा धंदा सगळा वंशाच्या नावावर चालतो, आणि नाव पुढं न्यायला मुलगा लागतो असा समज. बरं, ज्यांना मुलगे होते त्यांच्या खापरपणजोबाचं नाव इथं कोणाला माहीत आहे? हात वर करा. एकही नाही. मुक्ताईचं नाव सातशे वर्षांनंतर सगळ्यांना माहीत आहे. वंश कोणाचा चालला?

आसोद्याची एक मुलगी होती. १८८० साली जन्मली, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधऱ्यांच्या घरी आली, तिशीत कुंकू पुसलं. शेतात राबली, जात्यावर बसली. अक्षर ओळख नाही. बहिणाबाई. तिचा मुलगा सोपानदेव शिकला, कवी झाला, त्याच्या कवितांना नाव मिळालं. आता आपल्या हिशेबानं अभिमान कोणी कोणाचा धरायचा? अडाणी आईनं शिकल्या मुलाचा. आणि शिकल्या मुलाला कधी कधी अडाणी आईची लाज वाटते, हेही आपल्या पाहण्यातलं आहे. पाहुणे आले की आईला आत बसवणारे साहेब मी पाहिले आहेत. सोपानदेवांनी उलट केलं. आई घरात, शेतात काम करताना गुणगुणायची ते त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग भीत भीत त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ती गाणी छापली गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आज आपल्या जिल्ह्याच्या विद्यापीठाला कोणाचं नाव आहे? जिला सही करता येत नव्हती तिचं. आणि सोपानदेव स्वतः एवढे चांगले कवी, पण आज लोक त्यांना बहिणाबाईंचे चिरंजीव म्हणून ओळखतात. त्यांनी ती वही पेटीत ठेवली असती तर कदाचित उलटं राहिलं असतं.

आता तो हरायला तयार असलेला बाप.

चाळीसगावहून पुढं पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. नवरात्रात जत्रा भरते, आपण चंडिकेला नारळ फोडतो, डोंगर बघतो, डबा खाऊन परत येतो. त्या पाटणमध्ये एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, आठशे वर्षांहून जुना. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्यात एका घराण्याच्या नऊ पिढ्या दिल्या आहेत, त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत. हा चांगदेव वेगळा बरं का, मुक्ताईचा चांगदेव वेगळा. या नऊ पिढ्यांत सातवा आहे भास्कराचार्य. ज्यानं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, ज्याच्या 'लीलावती'वर पिढ्यान्‌पिढ्या पोरं गणित शिकली. लीलावती ही त्याची मुलगी अशी परंपरा आहे. पंडित त्यावर वाद घालतात, घालू द्या.

भास्कराचार्यांचा बाप महेश्वर. हाही मोठा पंडित, ज्योतिषी. आणि भास्कराचार्यांचा गुरू कोण? तोच. भास्कराचार्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की माझ्या वडिलांच्या चरणांपाशी मला हे ज्ञान मिळालं. आज महेश्वराचे ग्रंथ कोण वाचतं? नाव तरी कोणाला ठाऊक आहे? भास्कराचार्य मात्र सगळ्या जगाला ठाऊक. जे होतं ते सगळं बापानं देऊन टाकलं आणि मुलानं त्याच्या पुढं जाऊन दाखवलं. असं हरावं.

पुढची गंमत ऐका. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपाळानं पाटणहून बोलावून नेलं. त्याचा मुलगा चांगदेव, हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. राजाच्या दरबारात बसणारा माणूस. त्याला आजोबाचा केवढा अभिमान असेल! तो काय करू शकला असता? आजोबाच्या नावानं देऊळ बांधलं असतं, स्वतःच्या नावाचा दगड वर बसवला असता. त्यानं पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबाचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथं शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं मठाला दान दिलं, त्याचा हा लेख.

आणि या लेखाचा वरचा भाग संस्कृतात, पंडितांसाठी. पण शेवट आपल्या जुन्या मराठीत आहे, कारण तो हिशेब गावातल्या माणसांना कळायला हवा होता. मठाचा खर्च कसा चालवायचा, कोणी काय द्यायचं, ते त्यात आहे. बाजारातल्या देवघेवीवर थोडं थोडं. आणि एक गोष्ट मला फार आवडते. गावात तेलाचे जेवढे घाणे चालतील, त्या दर घाण्यामागं एक पळी तेल मठाला द्यायचं. एक पळी! घरात फोडणीला लागतं तेवढं. ते तेल मठात दिव्याला गेलं की आमटीला गेलं, हे कोण सांगणार? पण चांगदेवाचा आजोबा, आणि तेल कोणाचं? तेल्याचं. शिकणारी पोरं कोणाची? कुठून कुठून आलेली, परक्याची. घाणा फिरवणाऱ्या त्या तेल्याला 'सिद्धान्तशिरोमणी'तलं एक अक्षर कळत नसेल. तरी तो पळी भरून देत होता, आणि रात्री त्या मठात कोणाचं तरी पोर मांडी घालून आकडे मांडत बसलेलं असायचं.

उद्या काल्याचं कीर्तन सकाळी नऊला आहे. ज्यांच्या घरी औंदा निकालाचे पेढे वाटले त्यांनी उद्याच्या प्रसादाला हातभार लावायचा, आणि ज्यांच्या पोरांचे विषय राहिले त्यांनी ती पोरं उद्या वाढायला पाठवायची. माझ्याजवळ पाठवा, पंगतीत पहिली बुंदी त्यांच्या हातची. म्हणा, विठोबा रखुमाई!